दाणापात्रात दाणे किती उरलेत, हे लांबून कसं ओळखायचं?

शिवारवाट · रविवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान आहे, पण तीन महिने डोक्यात घोळतोय.

आमचं शेत खटाव तालुक्यात, मायणीच्या अलीकडे. मी नोकरीमुळे साताऱ्यात, शेतावर फक्त शनिवार-रविवार. आई वस्तीवरच राहते. गेल्या नोव्हेंबरात पक्षी सप्ताहाच्या वेळी घरासमोरच्या कडुनिंबाला मी एक दाणापात्र टांगलं. पाइपलाइन करताना चार इंची पीव्हीसीचा तीन फूट तुकडा उरला होता, तो घेतला. खाली टोपी, टोपीच्या वर दोन बोटांवर चार भोकं, आणि त्याखाली फुटक्या घमेल्याचा तळ कापून केलेली ताटली. दोरी फांदीवरून घेऊन खोडाला बांधली. ज्वारी आणि बाजरी भरतो. चिमण्या, होले, मुनिया येतात, क्वचित सुगरणीही.

अडचण ही की पाइपाच्या आतलं काही दिसत नाही. आईचे गुडघे गेलेत. पाच-सहा किलोचं पात्र दोरी सोडून खाली घेणं, बघणं, परत चढवणं तिला झेपत नाही. फोनवर विचारलं की म्हणते, "पाखरं येत्यात, म्हंजे आसंल की आत." पण पाखरं रिकाम्या पात्रावरही येतात. ताटलीत उरलेली टरफलं उलटीपालटी करतात आणि जातात.

दोनदा घोटाळा झाला. एकदा पात्र चार दिवस रिकामं होतं, कुणालाच कळलं नाही. दुसरा प्रकार मनाला जास्त लागला. रिकामं असेल असं धरून मी वरून ओतत राहिलो. मध्ये अवकाळी पाऊस येऊन गेला. महिन्याने पात्र उतरवून उलटं केलं, तर तळाशी वीतभर ज्वारी काळी पडून गठ्ठा झालेली, उग्र कुबट वास. तोवर किती पाखरांनी त्यातलं खाल्लं असेल, हा विचार अजून जात नाही.

तर मला घरच्या घरी करता येईल असं काहीतरी हवं आहे. ओसरीपासून झाड तीस पावलांवर आहे. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्या डोळ्याने लांबचं चांगलं दिसतं. वीज नको, मोबाइल नको. तिला चहा पीत बसल्या जागी कळलं पाहिजे.

बागायतदार_तासगाव · रविवार, रात्री ९.५५

शिवारवाटदादा, मी पाइपाला उभी खाच मारली. ग्राइंडरने बोटभर रुंद, वरपासून खालपर्यंत, आणि आतून पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक चिकटवलं. पहिले आठ दिवस छान दिसलं. मग धान्याच्या धुळीने प्लॅस्टिक आतून पांढरं झालं. ज्वारी पांढरी, धूळ पांढरी, पाइप पांढरा, काय कळणार?

नंतर एक गोष्ट सुचली. खाचेच्या बरोबर समोरची आतली बाजू लाल रंगवली. लांब काठीला ब्रश बांधून, रंग पंधरा दिवस कडक वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच धान्य भरलं. आता धान्य खाली जाईल तसं खाचेतून लाल दिसतं. माझं पात्र बागेच्या कडेला डोळ्यासमोरच असतं, मला पुरतं. तीस पावलांवरून बोटभर खाच दिसायची नाही. रुंद केली तर पाइप मऊ पडतो, माझा एक असाच मधून वाकला.

कृष्णाकाठ · रविवार, रात्री १०.३०

सरळ वजन करा. पात्र ताणकाट्याला टांगा. भरलेलं किती, रिकामं किती, दोन खुणा करून ठेवा. बाजारात तबकडीचा टांगता काटा मिळतो, लांबूनही दिसतो.

शिवारवाट · रविवार, रात्री १०.४२

कृष्णाकाठ, काट्याचा विचार केला होता. उन्हापावसात स्प्रिंग गंजते, आणि तबकडीवरचा काटा तीस पावलांवरून आईला दिसणार नाही. ट्यूबच्या रबरी पट्टीला टांगून बघितलं, ताण दिसावा म्हणून. दुपारच्या उन्हात ताणलेलं रबर आखडतं आणि पात्र रिकामं झाल्यासारखं वर येतं. पंधरवड्यात पट्टीला चिरा पडल्या.

सर्किट · सोमवार, सकाळी ७.१५

वीज नको म्हणालात तरी माझा अनुभव लिहितो, कारण मी ज्यात फसलो त्यात दुसरं कुणी फसू नये. मी सांगलीत शिकतो. गच्चीवर असंच पाइपाचं पात्र उभं केलं आणि तळाच्या टोपीच्या जागी लोडसेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) बसवलेली चकती दिली. कल्पना अशी की धान्याचं वजन चकतीवर येईल, आकडा मोबाइलवर दिसेल.

भरलेलं असताना जो आकडा, तोच निम्मं संपल्यावरही. मला वाटलं सेल बिघडला. तीनदा बदलला. मग कळलं की धान्य पाण्यासारखं वागत नाही. पाण्यात जितकी खोली, तितका तळाशी दाब. धान्य मात्र पाइपाच्या भिंतीला रेटतं, आणि त्या घर्षणामुळे वरच्या धान्याचं वजन भिंतच पेलते. जान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९५ साली धान्याच्या कोठारांसाठी हे मांडून ठेवलंय. चार इंची पाइपात वरचा निम्मा भाग तळाच्या चकतीला कळतच नाही. म्हणून तळाशी दाब मोजणारं काही करू नका. वजन करायचं तर अख्खं पात्र टांगूनच.

यातलीच दुसरी गोष्ट. धान्य कमी झालं की भोकातून हळू पडेल, असं वाटतं. तेही होत नाही. पहिला दाणा आणि शेवटून दहावा दाणा सारख्याच वेगाने पडतो.

राळा · सोमवार, सकाळी ८.०५

सर्किट, हे माहीत नव्हतं. छान समजावलंत.

आमच्याकडे मी वेगळं करते. पात्र भरताना तळापासून वीतभर साधी ज्वारी, मग दोन मुठी हळदीची ज्वारी, मग वर पुन्हा साधी. ताटलीत पिवळे दाणे दिसले की समजायचं, वीतभर उरलं. हळद कोमट पाण्यात कालवायची, त्यात ज्वारी नुसती घोळवायची, भिजवायची नाही, आणि सावलीत दोन दिवस खडखडीत वाळवायची. दाताखाली कट्ट वाजली पाहिजे. हळद सांगलीचीच, घरात कांडलेली, बाजारू रंग अजिबात नाही. सुरुवातीला नाचणी वापरत होते, पण मुनियांना बारीक दाणा आवडतो, त्या नाचणी दिसताक्षणी संपवतात. खूण राहतच नाही.

पिवळा थर अगदी भोकाजवळ देऊ नका. तिथे धान्य मधून खचतं आणि कडेचं मागे राहतं, वरचे दाणे आधीच मिसळून येतात.

शिवारवाट · सोमवार, दुपारी १.१०

राळाताई, हे फार आवडलं. ताटलीतलं आईला ओसरीवरून दिसणार नाही, पण झाडाखाली सांडलेलं तिला दिसतं, रोज झाडते ती. हे नक्की करणार.

जुनं_गाव · सोमवार, संध्याकाळी ६.४०

आमच्या घरी कणगी होती. बांबूची, शेणामातीने लिपलेली, खाली तोंड आणि तोंडाला चिंध्यांचा बोळा. आजी बोटांच्या पेरांनी कणगीवर खालून वर ठोकत जायची. भरलेल्या जागी आवाज भद्द यायचा, पोकळ जागी खुळखुळीत. जिथे आवाज बदलला तिथे कोळशाची रेघ. दर अमावस्येला एक रेघ. रेघांमधलं अंतर बघून ती सांगायची, यंदा जेठात विकत आणावं लागेल की नाही.

पाइपालाही हे लागू पडतं. लांब कळक घ्यावा, खालूनच पात्रावर ठोकत जावं. आवाज कळतो. तुमच्या मातोश्रींना आवाज लगेच उमजेल, आमच्या पिढीला ती सवय आहे.

एक विचारतो. गॅसच्या टाकीला ओलं फडकं फिरवून बघतात, कुठवर ओल टिकते ते. तसं चालेल का पाइपाला?

सर्किट · सोमवार, संध्याकाळी ७.२०

काका, ते टाकीत चालतं कारण आत द्रव असतो. तो पत्र्याची उष्णता शोषून घेतो, म्हणून तेवढ्या भागावरची ओल उशिरा सुकते. इथे पाइप प्लॅस्टिकचा, आत धान्य आणि दाण्यांमध्ये हवा. उष्णता इकडची तिकडे फारशी जात नाही, फडकं सगळीकडे सारखंच सुकेल. ठोकून बघणं मात्र शंभर टक्के बरोबर आहे.

ओढ्याकाठी · सोमवार, रात्री ९.००

सगळ्यात सोपं म्हणजे तराजू. फांदीवर आडवा बांबू, मध्ये दोरीने लटकवलेला. एका टोकाला पात्र, दुसऱ्या टोकाला दगडांची पिशवी. पात्रात दोन किलो धान्य ठेवून दगड असे जुळवायचे की बांबू बरोबर आडवा राहील. दोन किलोपेक्षा कमी झालं की पात्र वर उचललं जातं आणि दगडाचं टोक खाली येतं. लांबून तिरका बांबू कुणालाही दिसेल. माझ्याकडे जावळीत गेलं वर्षभर चाललंय. वाऱ्यात डुलतो, आणि दोन-तीन पारवे एकदम बसले की किलोभराचा फरक पडतो, एवढंच. माकडं आली त्या दिवशी सगळं खाली.

बॉयलरघर · मंगळवार, पहाटे ५.५०

मी साखर कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढली, वाळव्याकडे. आता घरी आहे. माझं काम एकच होतं, काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघायची. त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बाळा शिवारवाट, पातळी दाखवणारी वस्तू करताना आधी हे विचारायचं की ती बिघडली तर काय दाखवील? बॉयलरमध्ये पाणी संपलेलं असताना काच भरलेली दिसली, तर माणसं मरतात. म्हणून आम्ही प्रत्येक पाळीला काचेचा कॉक उघडून पाणी सोडून द्यायचो आणि पातळी परत आपल्या जागी येते का बघायचो. जी पातळी हलत नाही तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

तुझं काम जीवघेणं नाही, पण नियम तोच. ओढ्याकाठींचा तराजू हुशारीचा आहे. त्यात दगडाची पिशवी फाटली तर पात्राचं टोक खाली जाईल, आणि बघणाऱ्याला वाटेल भरलंय. पाखरं उपाशी आणि आपण निवांत. तूही एवढं बघ. चुकलंच तर "रिकामं" म्हणून चुकावं. मग माणूस उठून जाऊन बघतो. फुकटचा एक हेलपाटा पडेल, नुकसान काही नाही.

मी असतो तर धान्याच्या डोक्यावर एक चकती ठेवली असती आणि तिच्यातून उभी काडी झाकणाबाहेर काढली असती. धान्य भरलं की काडी उंच, संपेल तशी काडी आत. काडी मोडली, पडली, कुणी पळवली, तर काडी दिसत नाही, म्हणजे रिकामं. दोरी आणि कप्पी वापरून उलटं करू नकोस. दोरी तुटली की ते "भरलंय" म्हणतं.

शिवारवाट · मंगळवार, सकाळी ८.३०

काका, तुमचा प्रतिसाद बसमध्ये दोनदा वाचला. मी आतापर्यंत फक्त दिसेल कसं एवढंच बघत होतो. खोटं दिसलं तर काय, हे मनातही आलं नव्हतं. या रविवारी काडीचं करतो.

बागायतदार_तासगाव · मंगळवार, सकाळी ९.१०

काडीसाठी उसाचा तुरा बघा. तुऱ्याची काडी सरळ, तीन-चार फूट लांब, वजनाला काहीच नाही. बांबूची कामटी पावसात फुगून भोकात अडकते.

टेकडीची_वाट · मंगळवार, रात्री १०.१५

मला थोडं वेगळं मांडायचं आहे, राग नसावा.

दाणे टांगा, पण ते पाखरांपुरतेच राहू द्या. सागरेश्वरच्या बाजूला आमचं गाव. अभयारण्याच्या कुंपणाला लागून शेतं आहेत, हरणं आणि सांबर बघतच मोठे झालो. धों. म. मोहित्यांनी उघड्या टेकड्यांवर झाडं लावून ते जंगल उभं केलं. तिथल्या जनावरांना माणसाच्या हातचं धान्य लागलं तर ती शिवारात उतरतात, कुत्री मागे लागतात, रस्त्यावर गाडीखाली येतात. माकडांना खाऊ घालून काय झालंय ते आपण प्रत्येक घाटात बघतोच. मोरासाठी म्हणून कुणी खाली धान्य पसरत असेल तर तेही नको. सकाळी मोर येतो, रात्री रानडुक्कर येतं.

उन्हाळ्यात गरज असते ती पाण्याची. आम्ही काही पोरं गावच्या गायरानातले तीन पाणवठे भरतो. तिथेही तुमचाच प्रश्न होता, पातळी लांबून कळायची कशी. पाच लिटरचा ऑइलचा कॅन घासूनपुसून, साबणाने तीनदा धुऊन, बूच घट्ट लावून पाण्यात सोडला. त्याच्या तोंडाला उभा बांबू, बांबूला भगवं फडकं. कॅन इकडेतिकडे जाऊ नये म्हणून बांबू एका लोखंडी कडीतून घेतला. रस्त्यावरून फडकं दिसलं की पाणी आहे. कॅन फुटून बुडाला तरी फडकं खालीच जातं. म्हणजे बॉयलरघर काकांच्या नियमात बसतं, आम्हाला तेव्हा ते माहीत नव्हतं.

यातून एक अनपेक्षित गोष्ट कळली. आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात उघडं पाणी दिवसाला साधारण सेंटिमीटरभर नुसतं उडून जातं. एका पाणवठ्यात रोज तीन-चार सेंटिमीटर उतरायचं. आम्ही खूश, की जनावरं भरपूर पितात. मग एकाने शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवली, वर मोठ्या भोकांची जाळी टाकून, म्हणजे कुणी प्यायला नको पण ऊन-वारा लागावा. बादलीत सेंटिमीटर उतरलं, पाणवठ्यात चार. काठावर खुरांचे ठसे मात्र जेमतेम. तळाला चीर होती. दोन महिने टँकरचं पाणी आम्ही जमिनीला पाजत होतो. सिमेंटचा हात दिल्यावर उतरणं दीड सेंटिमीटरवर आलं, तेव्हा जनावरं खरी किती पितात ते समजलं.

आणि काठाला आतून खडबडीत उतार ठेवा, निदान दगड रचा. सरडे, खारी, पाखरांची पिल्लं पडली तर चढून येता आलं पाहिजे.

शिवारवाट · बुधवार, सकाळी ७.००

टेकडीची वाट, राग कसला. पटलं. पात्र उंच टांगलंय ते त्यासाठीच, आणि खाली सांडलेलं आई रोज झाडून कोंबड्यांना घालते. पाण्यासाठी मातीचं पसरट परळ आहे, ते रोज घासून भरलं जातं. बादलीची युक्ती शेततळ्यालाही लावून बघणार.

शिवारवाट · पुढचा रविवार, रात्री ८.५०

केलं! सविस्तर लिहितो, कुणाला करायचं असेल तर चुका टळतील.

चकतीसाठी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापून आठ सेंटिमीटरचं गोल केलं. पाइपाची आतली रुंदी दहा सेंटिमीटरच्या थोडी वर आहे, म्हणजे चहूबाजूंनी बोटभर मोकळं. पहिल्यांदा घट्ट बसणारी केली होती, ती तिरकी होऊन अडकली. हलकीही नको, म्हणून खालून चार जाड नट बांधले. मधोमध तुऱ्याची काडी, टोकाला आईच्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी. काडी झाकणातून सैल सरकली पाहिजे, भोक काडीच्या दुप्पट ठेवलं.

दोरीचा प्रश्न आला. पात्र मधोमध टांगलेलं, आणि काडीलाही मधूनच वर यायचं. मग बादलीच्या कडीसारख्या दोन दोऱ्या दोन्ही कानांतून घेतल्या आणि चार फुटांवर एकत्र बांधल्या. काडी त्यांच्यामधून वर येते.

आता माप. भरताना तराजूवर मोजून भरलं. या पाइपात फूटभर ज्वारी म्हणजे जवळपास दोन किलो. सहा इंच म्हणजे एक किलो, तीन इंच म्हणजे अर्धा. म्हणून झाकणाला शेजारी दुसरी एक काडी उभी पक्की केली आणि तिच्यावर सहा-सहा इंचांचे पट्टे रंगवले, एक काळा, एक पांढरा. एक पट्टा एक किलो. ज्यांच्याकडे तीन इंची पाइप असेल त्यांना फुटाला सव्वा किलोच्या आसपास येईल, पण स्वतः मोजून घ्या, बाजरी थोडी जड भरते.

तळापासून वीतभर साधी, मग राळाताईंची हळदीची ज्वारी, मग साधी.

ओसरीवर बसून आईने बघितलं आणि म्हणाली, "सहा पट्ट्यावर हाय." मी काही सांगितलं नव्हतं.

राळा · रविवार, रात्री ९.१५

वाचून डोळ्यात पाणी आलं. आईंना नमस्कार सांगा.

बॉयलरघर · सोमवार, पहाटे ५.४०

उत्तम. फक्त चकती अडकत नाही ना, त्याची आठवड्यातून एकदा परीक्षा घे. कळकाने पात्राला दोन टोले द्यायचे आणि काडीकडे बघायचं. टोल्याने काडी धपकन खाली आली, तर आत दाण्यांची कमान धरली होती आणि काडी खोटं सांगत होती. ओल लागली की असं होतं. तसं झालं की पात्र उतरवून आतलं धान्य बघ.

शिवारवाट · गुरुवार, रात्री ९.३०

आज आईचा फोन आला. तिच्या शब्दांत: "काल दिवस बुडताना चौथ्या पट्ट्यावर हुती चिंधी. आज तांबडं फुटताना बघितलं तर अर्धा पट्टा खाली. रातीला पाखरं खात न्हाईत की रं."

मी अवाक झालो. अर्धा पट्टा म्हणजे अर्धा किलो, एका रात्रीत. चिमणीचं अख्खं वजन पंचवीस-तीस ग्रॅम. कोण खातंय?

ओढ्याकाठी · गुरुवार, रात्री ९.४८

उंदीर. फांदीवरून दोरीने उतरतात. खाऊन कमी, पाडून जास्त.

जुनं_गाव · गुरुवार, रात्री १०.०५

हे अंगावर काढू नका, लगेच बंदोबस्त करा. उंदरामागे साप येतो. धामण आली तर आपली मित्रच, पण घोणसही त्याच वाटेने येते. मातोश्री पहाटे अंगणात वावरत असणार. ताटली रात्री रिकामी राहील असं काहीतरी करा आणि घरासमोर दाणा पडू देऊ नका. शक्य असेल तर पात्र घरापासून आणखी लांब न्या.

बागायतदार_तासगाव · गुरुवार, रात्री १०.२०

दोरीत दोन लिटरची बाटली ओवा. तळाला आणि बुचाला भोक पाडून उभी, सैल, गरगर फिरेल अशी. उंदराने पाय ठेवला की बाटली फिरते आणि तो खाली पडतो. दोन्ही दोऱ्या जिथे एकत्र येतात त्याच्या वर लावा. आणि पात्राच्या आजूबाजूच्या फांद्या हातभर छाटा, ते उडीही मारतात.

शिवारवाट · चार आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७.३०

धागा वर काढतोय, कारण अर्धवट सोडणं बरं वाटत नव्हतं.

बाटली दुसऱ्याच दिवशी लावली, ऑफिसातून रजा काढून गेलो. दोन फांद्या छाटल्या. जुनं गाव काकांचं ऐकून पात्र बांधाकडच्या बाभळीला हलवलं, ओसरीपासून आता पन्नास पावलं. पट्टे दिसतील का याची धास्ती होती. चिंधी दुप्पट मोठी केली, आईला दिसते. अर्धा पट्टा ओळखता येत नाही म्हणते, पूर्ण पट्टा येतो. तेवढं पुरे. गेल्या तीन आठवड्यांत रात्रीची उतार थांबली आहे. ती अजूनही दिवस बुडताना एकदा आणि उजाडताना एकदा बघते, आणि कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहिते. तिला आकडेच तेवढे लिहिता येतात.

त्या आकड्यांवरून बरंच काही दिसतंय. रानात ज्वारी उभी होती तोवर आठवड्याला जेमतेम एक पट्टा उतरत होता. काढणी झाली, कडबा रचला, तरी पंधरा दिवस फरक नाही, कारण वावरात सांडलेलं होतं. आता नांगरट झाल्यावर आठवड्याला तीन पट्टे. एका आठवड्यात मध्येच दोन दिवस काडी हललीच नाही. बॉयलरघर काकांची आठवण ठेवून आईने शेजारच्या पोराकडून कळकाचे टोले मारून घेतले. काडी जागची हलली नाही, म्हणजे धान्य खरंच कुणी खात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या पोराने बाभळीच्या शेंड्यावर शिक्रा बसलेला बघितला. तो गेल्यावर चिमण्या परत आल्या.

आणि माझी सवय बदलली. पूर्वी शनिवारी गेलो की डोळे झाकून ओतायचो. आता चिंधी शेवटच्या पट्ट्यात येऊन झाडाखाली पिवळी ज्वारी दिसेपर्यंत थांबतो. मग पात्र उतरवून उरलेलं सगळं काढतो, गरम पाण्याने धुतो, उन्हात दिवसभर पालथं ठेवतो आणि संध्याकाळी भरतो. मधले एक-दोन दिवस रिकामे गेले तर आता जीव खालीवर होत नाही. पाखरांना रान आहे. काळ्या गठ्ठ्याची भीती जास्त.

एक प्रश्न उरलाय. झाकणातल्या काडीच्या भोकातून वळवाचा पाऊस आत जाणार. जून ते सप्टेंबर मी पात्र उतरवूनच ठेवणार आहे, तेव्हा गवताचं बी असतं, किडे असतात, आणि पिल्लांना तर किडेच लागतात. पण मेमधल्या वळवाचं काय करावं? भोक बारीक केलं तर काडी अडकते.

ओढ्याकाठी · रविवार, रात्री ८.१०

भोकावर चार बोटं उंच नळीचा तुकडा उभा चिकटवा, अर्धा इंची चालेल. झाकणावर पडलेलं पाणी मग भोकात शिरत नाही, फक्त सरळ नळीत पडलेले थेंब जातात. आमच्या जावळीच्या पावसाला ते पुरत नाही, पण मायणीच्या वळवाला पुरेल.

बॉयलरघर · सोमवार, पहाटे ५.३५

नळीचं वरचं तोंड आतून कानशीने गुळगुळीत कर. काडी तिथे घासते.

शिवारवाट · सोमवार, सकाळी ८.००

अर्धा इंची नळी घरात आहे, ड्रिपची. शनिवारी लावतो. कानस शेजाऱ्यांकडून आणायला आईला सांगितलंय.